पाथर्डी तालुक्यात आलेला समुद्र

पाथर्डी तालुक्यात समुद्र आणणारा पहिला माणूस मी! माझ्याआधी कुणी आणला असेल तर त्याने खुशाल पुढे यावं. मी आणला, तो थेट चौथीच्या वर्गात आणला, आणि त्या समुद्राने माझा जीव घ्यायचाच बाकी ठेवला होता.

त्याचं असं झालं. आमची वाडी डोंगराच्या पोटाशी. शाळेत शिक्षक दोन, मी आणि निकिता मॅडम. पट दरवर्षी घसरत चाललेला. अशात कुणकुण लागली, की साहेब तपासणीला येणार आणि आमची शाळा ओढ्यापलीकडच्या मोठ्या शाळेत विलीन करणार. माझी पाचावर धारण बसली! ओढ्याकाठी बिबट्या फिरतो. त्या वाटेने कोण आईबाप पोरगी शाळेला धाडतील? पोरी घरी बसतील, धुणीभांडी करतील, आणि मग लग्नं. या विचाराने मला घास गिळेना.

"घाबरू नका सर," निकिता मॅडम म्हणाल्या. "साहेबांना मुलं चुणचुणीत दिसली की झालं."

"मग असं काही दाखवू की साहेब बघतच राहतील!" मी टेबलावर मूठ आपटली. "किनाऱ्यावरचं वाढतं महानगर! मुंबईपासून पार पनवेल-उरणपर्यंत! लोकसंख्या, अर्थव्यवस्था, पायाभूत सुविधा! हलतं मॉडेल!"

"पण सर, आपल्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही."

"मी तरी कुठे पाहिलाय?"

मॉडेल मात्र झकास झालं. पुठ्ठ्याचे टॉवर. काड्यापेट्यांचे कंटेनर रचून बंदर. विटांच्या थरावर विमानतळ. खाडीवर लांबलचक पूल, त्याचे खांब उसाच्या कांड्यांचे. लोकसंख्येला बाजरी वापरली. दाट वस्ती तिथे मूठभर, विरळ वस्ती तिथे चिमूटभर. जुन्या कूलरची मोटार बसवून मेट्रो केली. वायर मी स्वतः जोडली आणि जोडावर चिकटपट्टी गुंडाळली. राहिला फक्त समुद्र. फरशीवर निळी ताडपत्री अंथरली, कडेने विटा लावल्या आणि टँकरवाल्या बन्सीला गाठलं.

"बन्सीभाऊ, थोडं पाणी द्या. समुद्र करायचाय."

"किती समुद्र पायजे?"

"घोटाभर."

त्याने खिडकीतून पाइप आत सोडला. टँकरचा जोर तो! बंदर वाहत जाऊन फळ्याला लागलं. "बास! बास!" मी ओरडत होतो आणि बन्सीला वाटत होतं, मी शाबासकी देतोय! पाइप बंद झाला तेव्हा अर्धा टँकर आमच्या वर्गात होता.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. साहेब! सांगितलेल्या वेळेच्या आधीच!

मी घाम पुसत त्यांना आत आणलं. तपासणीसाठी बोलावलेले पालक आधीच मागच्या भिंतीशी उभे होते. चौथीतली धनश्री छडी घेऊन पुढे झाली. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम अंगद, त्याची ही मुलगी. बुजरी, पण पाठांतर खणखणीत.

"ही महानगराची लोकसंख्या. कामाच्या शोधात येथे रोज नवी माणसे येतात. लोकसंख्या सतत वाढत आहे."

नेमकी एक कोंबडी आत शिरली होती आणि ठाण्याची लोकसंख्या टिपत होती.

"वाढतेय का?" साहेबांनी भुवई उंचावली.

"साहेब, ते... स्थलांतर आहे!"

कोंबडीला हाकलतोय तोच दारात गोजरबाई उभी! तिच्यामागे अर्धी वाडी, प्रत्येकीच्या कमरेवर हंडा.

"गुर्जी! टँकर इहिरीत पडायचा सोडून साळंत कसा पडला?"

"मावशी, हा समुद्र आहे!"

"आसंल! पन आमच्या वाट्याचा हाय!" असं म्हणून तिने अरबी समुद्रात हंडा बुचकळला.

मग काय! बायका चारी बाजूंनी समुद्रात उतरल्या. विटा उडाल्या, ताडपत्रीची कड पडली आणि समुद्र वर्गभर पसरला. साहेबांचे बूट बुडाले. आणि तेव्हा मला ती दिसली. मेट्रोची वायर! चिकटपट्टी भिजून सुटली होती, तांबं उघडं पडलं होतं, आणि मोटारीच्या घरघरीने ती वायर पुलावरून हळूहळू पाण्याकडे घसरत होती.

खोटं कशाला सांगू, मी भ्यालो. मरणाचा भ्यालो. पाण्यात बायका होत्या, साहेब होते आणि पुलाजवळ अनवाणी धनश्री होती. बटण पलीकडच्या भिंतीवर. ओरडायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना! शेवटी फुटला तो कुकरच्या शिट्टीसारखा.

"हलू नका! करंट!"

सगळे जागच्या जागी थिजले. साहेब टुणकन उडी मारून विमानतळावर चढले आणि एका पायावर उभे राहिले. वायर आणखी घसरली. मी डोळे मिटले.

आणि लाईट गेली!

आमची लाईट रोज जाते आणि रोज मी शिव्या घालतो. त्या दिवशी मी पंख्याला हात जोडले. निकिता मॅडमनी भिंतीच्या कडेने धावत जाऊन प्लग उपटला. बायका मुकाट्याने हंडे भरून समुद्र घरोघर घेऊन गेल्या.

आता आपली शाळा गेली, या खात्रीने मी साहेबांसमोर उभा राहिलो. ते विमानतळावरून उतरले, पायमोजे पिळले आणि धनश्रीला म्हणाले, "बाळ, पुढचं सांग."

पोरीने छडी पुन्हा उचलली आणि सगळं सांगितलं. बंदरातला व्यापार, समुद्रावरचे पूल, नवे रस्ते, हजारो हातांना मिळणारं काम. एक शब्द चुकली नाही!

"इतकी धीट पोरं असलेली शाळा मी कशाला हलवू?" साहेब म्हणाले. "आहे तेवढा पट मात्र टिकवा."

त्या रात्री मी पोटभर जेवलो.

सकाळी शाळा उघडतोय तर पायरीवर अंगद. मागे त्याची सगळी टोळी, बायकापोरांसकट.

"गुर्जी, पोरीनं काल लई झ्याक समजावलं. तिकडं येवढी कामं हायेत, आन आमी कोयता घिऊन पोरास्नी फडाफडानं फिरवतोय. समद्यांनी ठरवलंय, पनवेलला जायचं. पोरं तिथंच साळंत घालतो. दाखले तेवढे काढा."

"कोणाकोणाचे?"

"टोळीतल्या समद्या पोरांचे."

टोळीतली पोरं वजा केली, तर वर्गात बाकंच उरत होती. धनश्री नव्या दप्तराचा पट्टा धरून माझ्याकडे बघून हसत होती. तिच्यापुढे नाही तरी कसं म्हणू? मी खाली मान घालून दाखल्यांचं पुस्तक उघडलं. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली आणि 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यापाशी पेन थांबलं.

"अंगदराव, कारण काय लिहू?"

"लिवा की," अंगद अगदी मनापासून म्हणाला, "गुर्जींनी लई चांगलं शिकिवलं!"