म्हस्के नानांची हिरवी पूड

म्हस्के नाना नमस्कार करत नाहीत. समोरच्याचा हात धरतात, उलटा करतात, नखं निरखतात आणि म्हणतात, "कमी हाय." काय कमी आहे ते विचारायचं नसतं. विचारलंत की तासाभराची निश्चिंती.

नाना सावेडीत आमच्या शेजारी राहतात. आता पोरं प्रोटीनचे डबे काखोटीला मारून जिमला जातात. पण नानांनी धंदा काढला तेव्हा नगरमध्ये प्रोटीन म्हणजे लोकांना तापाची गोळी वाटायची. नागापूरला पत्र्याची शेड घेऊन त्यांनी शेवग्याचा पाला, हरभरे आणि नाचणी दळायला घेतली. झाली ती हिरवी पूड. भिजलेलं गोणपाट कुणी चाखलं असेल, तर त्याला चव वेगळी सांगायला नको.

मोपेडला डबे बांधून नाना केडगावपर्यंत हिंडायचे. "औषध न्हाई, अन्न हाय!" तालमीतले पैलवान नमुन्याचे डबे न्यायचे आणि म्हशीला चारायचे. म्हैस जास्त दूध द्यायला लागली. नाना खूश! "बगा, गुण हाय का न्हाई?"

माझ्या बहिणीला पाहायला पाहुणे आले, त्या दिवशी नाना सहज डोकावले. नवऱ्या मुलाचा हात उलटा केला. "कमी हाय." आमच्या वडिलांना घाम फुटला. नानांनी लगेच डबा आणून दिला, "लगनापत्तूर भरून निघंल!" मेहुणे अजूनही नाना दिसले की हात खिशात घालतात.

गेल्या वर्षी नानांच्या बायकोचं, आमच्या काकूंचं, मोठं ऑपरेशन झालं. घरी आल्या, पण अन्नावरची वासनाच उडालेली. चमचाभर पेज घेऊन तोंड फिरवायच्या. डॉक्टर म्हणाले, "नाना, तुमची पूडच सुरू करा." इतक्या वर्षांत डॉक्टरच्या तोंडून पुडीचं नाव पहिल्यांदाच निघालं होतं. मी अभिनंदन करायला गेलो, तर नाना साजूक तुपात रवा भाजत होते.

"पूड कधी घालायची यात?"

"न्हाई घालायची."

"अहो, डॉक्टरच म्हणाले ना?"

नानांनी आवाज उतरवला. "तिला ती चव सोसत न्हाई. लगन झाल्यापास्नं माज्यासाठी गिळती बिचारी. मला काय कळत न्हाई व्हय? आदी चार घास गोडीनं जाऊ दे तिला."

शिऱ्याची वाटी घेऊन ते आत गेले. मी दारातच थांबलो. काकूंनी एक घास घेतला. हळूहळू चघळला. आणि मग आपणहून पुन्हा आ केला.

नाना पुढचा चमचा भरून त्यावर फुंकर घालत राहिले.