त्र्यंबकरावांच्या दोन पोळ्या

दोन पोळ्या रोज उरत होत्या.

रत्नाबाई सकाळी साडेपाचला उठायच्या, कणीक मळायच्या आणि साडेसहाच्या आत पोळ्यांची चळत लावून मोकळ्या व्हायच्या. दोन मुलाच्या, शैलेंद्रच्या डब्यात. एक सुनेची, प्रीताची, एक नातीची, एक स्वतःची. तिथं हात थांबायला हवा होता, पण तो थांबत नसे. आणखी दोन गोळे आपोआप पोळपाटावर यायचे. त्या नवऱ्याच्या, त्र्यंबकरावांच्या पोळ्या. त्र्यंबकरावांना जाऊन आठ महिने झाले होते. डोक्याला ते पक्कं ठाऊक होतं. हातांना अजून कुणी कळवलं नव्हतं.

चाळीसगावात उरलेल्या पोळ्यांचा प्रश्न कधी आला नाही. दारात गाय यायची, नाही आली तर कुत्री होती. इथे फ्लोरिडात, टँपाच्या बाहेरच्या या कॉलनीत, दारात कुणीच येत नसे. माणूससुद्धा आधी मेसेज करून यायचा. साडेआठला घर रिकामं झालं की संध्याकाळपर्यंत फक्त फ्रिज बोलायचा. स्वयंपाकघरात कचऱ्याचा डबा होता, हात जवळ नेला की तो आपणहून तोंड उघडायचा. पण त्यात अन्न टाकायचं म्हटलं की रत्नाबाई हात मागे घ्यायच्या.

घरामागे तळं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी पोळ्यांचे तुकडे करून पाण्यात टाकले, तेव्हा मासे आले. मग कासवं आली. काठावर एक पाटी होती. तिच्यावर मगरीचं चित्र, त्यावर लाल तिरकी रेघ आणि खाली इंग्रजीत काहीतरी. या तळ्यात मगरी नाहीत, निर्धास्त असा, असा त्यांनी अर्थ लावला आणि कॉलनीवाल्यांचं कौतुकही केलं.

दुसऱ्या आठवड्यात पाण्यातलं एक लाकूड पोळीच्या दिशेनं पोहत आलं.

रत्नाबाई चार पावलं मागे सरल्या. लाकडानं पोळी गिळली, दोन डोळे अर्धवट मिटले आणि ते तिथंच पडून राहिलं. ओरडावं असं मनात आलं, पण ऐकायला कोण होतं? त्या लांबूनच बघत राहिल्या. मगर ही मराठीत बाई असली, तरी हिच्या वागण्यात बाईचं काही दिसेना. जेवण झालं की निपचित पडायचं, डोळे अर्धे मिटायचे, आणि समोरच्यानं काहीही सांगितलं तरी हूं की चूं करायचं नाही. असा एक माणूस रत्नाबाईंच्या चांगल्या परिचयाचा होता.

तिसऱ्या आठवड्यापासून त्या मागची काचेची दारं सरकवायच्या आणि त्या आवाजासरशी मगर हजर व्हायची. "अहो, आज प्रीताने पुन्हा ते पानांचंच जेवण खाल्लं," त्या लांबून पोळी फेकत सांगायच्या. "शैलेंद्र तर बोलतच नाही. तुमच्यावर गेलाय." मगर ऐकून घ्यायची. दिवसभरात एवढंच काय ते बोलणं व्हायचं.

मग एके दिवशी मगर पाण्यात थांबली नाही. वर गवतात येऊन पायवाटेवर आडवी पडली. शेजारच्या बाईचा चिमुकला कुत्रा आणि मगर, यांच्यात जेमतेम दहा हात अंतर राहिलं. कुत्रा वाचला, पण बाईनं फोटो काढला आणि संध्याकाळी कॉलनीच्या कमिटीचं ईमेल आलं.

"मगर पकडायला ट्रॅपरला बोलावलंय. शुक्रवारी येतोय," जेवताना शैलेंद्र म्हणाला. "कुणीतरी तिला खायला घालतंय म्हणे. कायद्यानं गुन्हा आहे इथे! आपलं ग्रीन कार्ड अडकलेलं, त्यात असली भानगड नको. बरंय, आपण त्यातले नाही." शेवटचं वाक्य तो जरा मोठ्यानं म्हणाला.

"आपण कशाला घालू यार?" प्रीताही तितक्याच मोठ्यानं म्हणाली.

रत्नाबाईंचा घास तोंडातच राहिला. "पकडून नेतील आणि लांब कुठं सोडतील, हो ना?"

"नो, आजी," दहा वर्षांच्या अबोलीनं मान हलवली. तिच्या शाळेत नुकताच अ‍ॅलिगेटरवर प्रोजेक्ट झाला होता. "चार फुटांपेक्षा मोठा असेल तर सोडत नाहीत. दे किल इट."

"मारतात? त्यानं काय केलंय?"

"त्यानं काही नाही केलं. वाइल्ड अ‍ॅलिगेटर माणसांपासून लांब राहतो. माणूस दिसला की पाण्यात जातो. पण कोणी फूड दिलं ना, की तो भीती विसरतो. मग त्याला वाटतं, माणूस म्हणजे फूड. मग तो जवळ येतो, मग सगळे म्हणतात डेंजरस, अँड देन..." अबोलीनं पापडाचा तुकडा मोडला. "पाटीवर लिहिलंय ना, डोन्ट फीड."

रत्नाबाईंनी ताट सारलं. मारेकरी त्याच होत्या. हत्यार गव्हाचं होतं, वरून तूप लावलेलं.

दुसऱ्या दिवशी अबोली शाळेतून आल्या आल्या त्यांनी तिला खोलीत नेलं आणि दार लावलं.

"अबोली, कुणाला सांगू नकोस. मीच घालत होते."

"आय नो."

"तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

अबोलीनं पायाच्या बोटांकडे पाहिलं. "तू त्याच्याशी बोलायचीस. आमच्याशी तर बोलत नाहीस."

रत्नाबाईंनी डोळे पुसले आणि कामाचं विचारलं. "त्याला पुन्हा घाबरायला शिकवता येईल का?"

"ट्राय करू. एक, फूड बंद. दोन, दार उघडलं की मोठा आवाज. आणि आजी, पाण्याजवळ अजिबात जायचं नाही. दारातूनच. तो पेट नाहीये."

मंगळवारी सकाळी रत्नाबाईंनी पाच गोळे लाटले आणि पोळपाट उचलून उभा केला. हात सहाव्या गोळ्याकडे गेले, तेव्हा त्यांनी ते पाण्याखाली धरले. आठ महिन्यांत त्या एवढ्या रडल्या नव्हत्या. लोक भेटायला आले तेव्हाही नाही, विमानात बसतानाही नाही. आज नळाखाली हात धरून, एका मगरीचा जीव वाचवायचा म्हणून, त्या हमसून हमसून रडल्या.

मग पितळी परात आणि लाटणं घेऊन त्यांनी दार सरकवलं. मगर आलीच.

"जा! आज काही नाही केलेलं! जा म्हणते ना!" त्यांनी परात बडवली. त्या दिवशी प्रीता घरूनच काम करत होती आणि वरच्या खोलीत तिची ऑफिसची मीटिंग चालू होती. तिच्या अमेरिकन साहेबानं देवळाचा आवाज किती छान येतोय असं म्हटलं, म्हणून तिनं खाली येऊन काही विचारलंही नाही.

बुधवारी मगर अर्ध्या वाटेत थांबली. गुरुवारी दार सरकताच तिनं पाण्यात बुडी मारली. रत्नाबाई परात घेऊन दारात कितीतरी वेळ उभ्या होत्या. आपल्या ओळखीचं या देशात एकच कुणी होतं, तेही आता आपल्याला बघून पळतं. हेच हवं होतं, असं त्यांनी स्वतःला दोनदा सांगितलं.

शुक्रवारी चारला ट्रॅपर आला. सत्तरीचा, वाकलेला, हातात दोर आणि लांब काठी. अबोली दुभाषी झाली. रत्नाबाई परात घेऊन मागे उभ्या राहिल्या.

"ते म्हणतात, मगर माणसाकडे आली तर मला न्यावीच लागेल," अबोली म्हणाली. "नाही आली तर उगाच नेत नाही."

ट्रॅपरनं काचेचं दार सरकवलं. पाणी हललं नाही. त्यानं दार चार वेळा उघडलं आणि मिटलं. तळ्याच्या मधोमध दोन डोळे दिसले आणि खाली गेले. तासभर तो खुर्ची टाकून बसला, रत्नाबाईंनी दिलेला चहा प्यायला, आणि कागदावर काहीतरी लिहायला त्यानं पेन काढलं. अबोलीनं आजीचा हात घट्ट दाबला.

इतक्यात शैलेंद्र ऑफिसमधून आला. घराच्या बाजूचं गॅरेजचं दार घरघरत वर गेलं.

आणि तळ्यातून मगर बाणासारखी निघाली. मागच्या दाराकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ गॅरेजच्या बाजूच्या काठाला लागली, मान वर केली आणि वाट बघत थांबली. कोपऱ्यावरून शैलेंद्र रमतगमत आला, खांद्याला लॅपटॉपची बॅग, हातात उघडा डबा. डब्यात दोन पोळ्या जशाच्या तशा. समोर आई, मुलगी आणि दोरवाला माणूस बघून तो जागच्या जागी थिजला.

"शैलेंद्र!" रत्नाबाईंच्या तोंडून किंकाळीच निघाली. त्या परात बडवत दारातून ओरडल्या, "जा! अहो, जा ना आता! मारतील तुम्हाला! काही नाही इथं, जा!"

मगरीनं डब्याकडे पाहिलं. परातीकडे पाहिलं. शैलेंद्रनंही भान येऊन डबाच दुसऱ्या हातातल्या किल्लीनं बडवायला सुरुवात केली. मगर सावकाश वळली आणि पाण्याखाली गेली.

मग शैलेंद्र खाली बघत म्हणाला, "आई, तू इथं यायच्या आधीपासूनच मी पोळी खात नाहीये. डॉक्टरांनी साखर वाढलीय म्हणून सांगितलं. बाबा गेले, तू एवढ्या पहाटे उठून करायचीस, तुला कसं सांगू? आणि टाकून द्यायला हात धजेना."

"माझीही एक," वरच्या गॅलरीतून प्रीताचा आवाज आला. ती कधीपासून उभी होती कुणास ठाऊक. "कासवांना घालते असं वाटायचं मला. सॉरी, आई."

"मग मी एकटी नव्हते?" रत्नाबाईंनी विचारलं. मग त्यांना वाटलं, की गुन्हा आपल्या एकट्यावर यावा. त्या पुढे झाल्या. "अबोली, त्यांना सांग, मी केलं. मी म्हातारी आहे. मला काय करायचं ते करा, याच्या ग्रीन कार्डाला हात लावू नका."

"नो सर, इट वॉज मी," शैलेंद्र म्हणाला.

"अँड मी," गॅलरी म्हणाली.

ट्रॅपरनं टोपी काढून डोकं खाजवलं. मग तो अबोलीशी बराच वेळ बोलला.

"ते म्हणतात, थर्टी इयर्स हे काम करतोय, पण फीड केलं असं कबूल करणारा एकही माणूस भेटला नव्हता. इथे तर लाइन लागली," अबोली म्हणाली. "फाइन लावणं त्यांचं काम नाही. आणि तो आवाजानं परत गेला ना, म्हणून एक चान्स देतात. पंधरा दिवसांनी परत येतील, आणि घरातलं प्रत्येक दार उघडून बघतील. एकाही दाराला अ‍ॅलिगेटर आला, तर नेतील."

पुढचे पंधरा दिवस त्या घरात कुणी पोळी घेऊन बाहेर पडलं नाही. सकाळी मागच्या दारात परात वाजायची, संध्याकाळी गॅरेजपाशी डबा. शेजारची बाई कुत्र्याला उचलून घेऊन दुसऱ्या रस्त्यानं फिरायला लागली. मगर आधी थांबून बघायची, मग लांबूनच बघायची, मग तळ्याच्या पलीकडच्या लव्हाळ्यात ऊन खात पडायला लागली. तिथं तिच्यापुढे मासे होते आणि बगळे होते. ती त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघायची, तशी नजर तिनं पोळीसाठी कधी खर्च केली नव्हती.

ट्रॅपर आला. त्यानं मागचं दार उघडलं, गॅरेज उघडलं, खिडक्याही उघडल्या. तो काठावर थोडा पुढे गेला, तेव्हा पलीकडच्या लव्हाळ्यातून धप्पकन आवाज झाला आणि पाण्यावर नुसती वलयं राहिली. त्यानं कागदावर रेघ मारली, रत्नाबाईंना टोपी काढून नमस्कार केला आणि रिकामा दोर घेऊन निघून गेला.

"आजी, यू डिड इट! तो तुला घाबरतो!" अबोलीनं उडी मारली.

"हो गं," रत्नाबाई म्हणाल्या. तळं आता अगदी रिकामं दिसत होतं. चांगल्या कामानं एवढं वाईट वाटतं, हे त्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं.

शनिवारी सकाळी सगळे टेबलाशी होते. रत्नाबाईंनी कणकेचा डबा हातात घेतला आणि संसाराच्या चव्वेचाळीस वर्षांत कधी न विचारलेला प्रश्न विचारला.

"खरं सांगा. कुणाला किती?"

"मला अर्धी," शैलेंद्र म्हणाला. "तीही सुट्टीच्या दिवशी."

"मला नको, आई. रागावू नका हं."

"झिरो," अबोली म्हणाली.

अर्धी पोळी कशी लाटतात ते रत्नाबाईंना येत नव्हतं. त्यांनी एकच लाटली, भाजली, तूप लावलं आणि मधोमध मोडून अर्धी मुलाच्या ताटात वाढली. उरलेली अर्धी तव्याशेजारी वाफाळत राहिली. चौघं तिच्याकडे बघत बसली. कचऱ्याच्या डब्याकडे कुणाचा हात जाईना, मागच्या दाराकडे कुणाची मान वळेना.

शेवटी रत्नाबाईंनी खुर्ची ओढली, बसल्या आणि तो अर्धा तुकडा स्वतःच तोंडात घातला. तव्यावरची गरम पोळी, तीही भाजीशिवाय नुसती, त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच खाल्ली. त्या सावकाश चावत राहिल्या. मग चावायच्या थांबल्या.

"शैलेंद्र," त्या म्हणाल्या, "मीठ कमी आहे."

शैलेंद्र ताटात बघत राहिला. "हो, आई."

"आजच?"

त्यानं प्रीताकडे पाहिलं. प्रीतानं अबोलीकडे पाहिलं.

"नेहमीच असतं, आई," तो म्हणाला. "बाबा म्हणायचे, बोलू नका."