चौदा नंबर बंद धरावा

आमच्या संजीवन पाणीवापर सहकारी संस्थेने कळसच्या शिवारात स्वयंचलित पेटी बसवली, त्याला आता महिना होत आला. या काळात पेटीबद्दल तालुक्यात जे उलटसुलट बोललं जातंय ते निराधार आहे. संस्थेचा सेक्रेटरी या नात्याने मी सांगतो, की पेटी उत्तम चालू आहे. पाणी तिच्याने चालू होत नाही, पण तो वेगळा विषय आहे.

कालव्यावरून पंपाने उचललेलं पाणी चौदा शेतांत जातं आणि प्रत्येक शेताच्या तोंडाला एक व्हॉल्व्ह आहे. पूर्वी एक माणूस हिंडून हे व्हॉल्व्ह उघडायचा-मिटायचा. त्याच्याविरुद्ध कधी तक्रार आली नाही, त्यामुळे दप्तरात त्याचा कुठे उल्लेखच नव्हता. तो थकून घरी बसला तेव्हा कोणती जागा रिकामी झाली हे कागदावरून ठरेना. म्हणून पेटी घेतली. वीज आली की पेटीने पाळीप्रमाणे व्हॉल्व्ह उघडायचे, एवढंच तिचं काम.

पेटी जोडायला बारामतीच्या एमआयडीसीतून दिशा आली. मूळची कळंबची पोर, तिथल्या एका लहान कंपनीत इंजिनिअर. आमचे अध्यक्ष सर्जेराव तात्या. त्यांना समजावून सांगितल्याशिवाय संस्थेच्या भिंतीत खिळासुद्धा मारता येत नाही. दिशाने लॅपटॉप उघडून समजवायला घेतलं.

"तात्या, वीज आली की पेटीत सगळ्यात आधी एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. त्याला बूटलोडर म्हणतात. पंप कुठंय, व्हॉल्व्ह किती, त्या बिचाऱ्याला काही ठाऊक नसतं. पूर्वी ही माहिती त्याच्या पोटातच शिवून टाकायचे. एक व्हॉल्व्ह वाढला की सगळं उसवा आणि परत शिवा. आता माहिती वेगळ्या यादीत ठेवतात. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात, उपकरणांचं झाड. प्रत्येक फांदीवर एक वस्तू, तिचा पत्ता, आणि ती चालू धरायची का बंद. बूटलोडर जागा झाला की हे झाड वाचतो आणि तशी स्वतःची मांडणी करतो."

"सोता जाऊन बघत न्हाय?"

"नाही. झाडात लिहिलंय ते आहे. लिहिलेलं नाही ते त्याच्या लेखी नाहीच."

तात्यांनी चष्मा काढून पुसला. "मंजी आपल्यातलंच हाय की."

"आणि यादी कधीही बदलता येते. प्रोग्रॅमला हात लावायचं काम नाही," दिशा कौतुकाने म्हणाली. एवढं वाक्य पोरीने गिळलं असतं तर पुढचं काही झालं नसतं.

"बदलता येती व्हय?" तात्या म्हणाले. "मग सभेपुढं ठिवाय लागंल."

त्यांचं बरोबरच होतं. जे बदलता येत नाही त्यावर सभा घेऊन काय करायचं?

सभेत दिशाने झाडाचे छापील कागद तेरा संचालकांना वाटले. प्रत्येकाने कागद उलटसुलट करून पाहिला. मग उपाध्यक्ष म्हणाले, यात पंपाचं नाव हाय, दाबाच्या मीटरचं हाय, चौदा व्हॉल्व्हची हायत, मग संचालक मंडळ कुठं हाय? सभेत कुजबुज सुरू झाली. आमच्याकडे बोअरच्या पूजेचा फ्लेक्स असो नाहीतर जावळाची पत्रिका, मानाप्रमाणे नावं आल्याशिवाय कागद छापखान्यातून बाहेर पडत नाही. ज्याचं नाव राहून गेलं तो जेवायला येतो, पण पुढच्या निवडणुकीत समोरच्या मांडवात दिसतो.

"ह्या झाडाच्या बुडाशी कुनाचं नाव हाय?" तात्यांनी विचारलं.

"मुळाला नाव नसतं तात्या. नुसती एक तिरकी रेघ असते."

"मंजी आमी रेघंच्या हाताखाली काम करायचं."

दिशाने तोडगा काढून पाहिला. "सगळ्यांची नावं मी शेऱ्यात लिहिते. कागदावर दिसतील, पण पेटी ती वाचणार नाही."

"पेटी वाचनारच न्हाय तर घालता कशाला?" उपाध्यक्ष म्हणाले. "फांदीवर घाला. व्हॉल्व्हच्या वर."

"मग पेटी तुम्हांला शोधत बसेल. झाडात नाव आहे म्हटल्यावर ती प्रत्येकाला हाक मारणार. उत्तर आलं नाही तर अर्धा मिनिट थांबणार आणि परत हाक मारणार. असं तीन वेळा."

"मारू दे की. सभेला आमचा शेक्रेटरी बी तसंच करतो."

काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर तात्यांची सही लागते. दिशाने एकदा दाखल्याकडे पाहिलं, एकदा तात्यांकडे, आणि लिहायला घेतलं. तेरा संचालक आणि तीन माजी अध्यक्ष. कोण कुणाच्या वर, हे ठरायला अडीच तास गेले. शेवटी कुणाचं मन दुखायला नको म्हणून 'समस्त ग्रामस्थ' अशी एक फांदी जोडली.

"यांचा पत्ता काय लिहू?" दिशाने विचारलं.

"सगळीकडं," तात्या म्हणाले.

चौदा नंबरचा विषय याच सभेत निघाला आणि तो मीच काढला. त्यात वैयक्तिक काही नव्हतं. चौदा नंबरचे सभासद गेल्या साली वारले. त्यांच्या पत्नी कौसल्यावहिनींनी वारसनोंदीचा अर्ज दिलेला आहे, पण सात-बाऱ्यावर अजून नवऱ्याचंच नाव. मयत माणसाला पाणी कोणत्या नियमाने द्यायचं? झाडात बंद धरायची सोय आहे, नुसता एक शब्द बदलायचा. सोय असून न वापरणं मला बरं वाटेना. ठराव एकमताने झाला.

वहिनी दारातच उभ्या होत्या. "शेक्रेटरी भावजी, व्हॉल्व्ह तर हाय की जाग्याव. सकाळी हात लावून आले."

"आहे वहिनी. पण बंद धरलाय."

"आन झाडं? ती बी बंद धरायची का?"

वहिनींचं दोन एकर डाळिंब आहे. बहर धरायचा म्हणून त्यांनी बागेचं पाणी तोडून ताण दिलेला, पानगळ झालेली, नुसत्या काड्या उभ्या. आता आठ दिवसांत पहिलं पाणी बसलं तर कळी निघणार. नाही बसलं तर बहर हुकला आणि वर्ष हातचं गेलं. हे सभेतल्या प्रत्येकाला माहीत होतं, निम्म्या संचालकांच्या स्वतःच्या बागा आहेत. सभेने वहिनींबद्दल सहानुभूती व्यक्त केली. मी ती इतिवृत्तात शब्दशः घेतली आहे.

दुसऱ्या दिवशी वीज आली आणि पेटी जागी झाली. पडद्यावर अक्षरं उमटली: मा. अध्यक्ष यांना शोधत आहे. तात्या पेटीच्या समोरच बसले होते. अर्ध्या मिनिटाने उमटलं: मा. अध्यक्ष सापडले नाहीत, पुन्हा प्रयत्न करत आहे. तात्यांनी खाकरून पाहिलं. उपयोग झाला नाही. अशी चोवीस मिनिटं सोळा जणांना शोधून पेटी समस्त ग्रामस्थांकडे वळली, आणि तिथून काही ती परत येईना. संध्याकाळी वीज गेली तेव्हाही ती ग्रामस्थच शोधत होती.

तातडीची सभा लावली. समस्त ग्रामस्थांना एकमताने वगळण्यात आलं. विरोध करायला ग्रामस्थांपैकी कुणी हजर नव्हतं. पण चोवीस मिनिटं राहिलीच, आणि पहिल्या दिवसाचा अपवाद सोडला तर आमच्याकडची वीज दर पंधरा मिनिटांनी डोळा मिटते. मिटली की पेटी पुन्हा मा. अध्यक्षांपासून सुरू करायची. तीन दिवसांत ती दहाव्या संचालकाच्या पुढे गेली नाही. व्हॉल्व्ह तर सगळ्यांच्या खाली.

दिशाला फोन लावला. "दोनच मार्ग आहेत," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "नावं काढा. नाहीतर त्यांच्या जागी हाकेला ओ देणारं काहीतरी जोडा."

पोर चिडून बोलली होती, पण सूचना म्हणून ती उत्तम होती. नावं काढायचा प्रश्नच नव्हता. सोळा लहान डब्या करून घ्यायच्या, प्रत्येकीवर एकेकाचं नाव, आणि पेटीने हाक मारली की डबीने 'हजर' म्हणायचं, असं ठरलं. डबीचं दुसरं काही काम नाही. "मंजी हुबेहूब आमीच," उपाध्यक्ष हसत म्हणाले.

डब्या आल्या. संचालक नवे कपडे घालून आले, प्रत्येकाने आपल्या डबीबरोबर फोटो काढला. दिशा जोडायला बसली आणि थांबली.

"तात्या, पेटीला जागा सोळाच आहेत. चौदा व्हॉल्व्ह, एक पंप, एक मीटर. सगळ्या भरलेल्या आहेत."

"मग?"

"मग एक डबी जोडायची तर एक वायर काढायला लागेल."

सभेत विचारविनिमय झाला. तात्यांनी बाजू नीट मांडली. पाणी काय, या पाळीला नाही तर पुढच्या पाळीला येतं. माणूस यादीतून एकदा गळला तर गळलाच. पहिली वायर चौदा नंबरची काढली, कारण तो बंदच धरलेला होता. मग तेरा, मग बारा. नऊ नंबर माझा. मी हरकत घेणार होतो, पण नियम सगळ्यांना सारखा. शेवटी पंप आणि मीटरही निघाले.

त्यानंतर पेटी चार सेकंदांत सुरू होते. सोळा हिरवे दिवे लागतात, सोळा वेळा 'हजर' येतं आणि पडद्यावर उमटतं: सर्व उपकरणे सुस्थितीत. वरून तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा दिला, समाधानकारक. जाताना त्यांनी आपल्याही नावाची डबी करता येईल का, असं बाजूला घेऊन विचारलं.

इकडे कौसल्यावहिनींचा सातवा दिवस उजाडला. त्या कुणाला काही विचारायला आल्या नाहीत. नवऱ्याचा पाना घेतला, पंपाच्या स्टार्टरचं बटण दाबलं आणि आपल्या व्हॉल्व्हचं चाक पान्याने ढिलं करून हाताने फिरवलं. अर्ध्या तासात पाणी बागेत शिरलं. मी बांधावरून बघत होतो. पाणी झाडांच्या बुडाला लागलं तशी बाई खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"वहिनी," मी म्हणालो, "जाता जाता नऊ नंबर बी उघडता का? गव्हाला पानी न्हाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाना उचलला आणि उघडला. दुसऱ्या दिवशी तात्यांचा माणूस पाना मागायला गेला. आठवड्याभरात चौदाही शेतांना पाणी बसलं आणि डाळिंबाला लाल कळी दिसू लागली.

आता अडचण सुरू झाली. झाडाप्रमाणे आमच्या संस्थेत एकही व्हॉल्व्ह नाही, पंपही नाही. आणि शिवार हिरवं. तपासणीत हे सापडलं तर उत्तर कुणी द्यायचं? 'झाडात अस्तित्वात नसलेल्या व्हॉल्व्हमधून पाणी घेतल्याबद्दल लेखी खुलासा करावा,' अशी नोटीस कौसल्यावहिनींना काढली. मसुदा माझाच. गव्हाला दुसरं पाणी देऊन आल्यावर निवांत बसून लिहिला.

वहिनी नोटीस घेऊन आल्या, आणि सोबत नवा सात-बारा. वारसनोंद झाली होती.

"घ्या. आता माझं नाव लागलं. बदला तुमचा त्यो एक शब्द."

मी दिशाला फोन लावला. "शब्द आत्ता बदलते," ती म्हणाली. "पण व्हॉल्व्हची वायर कुठं जोडायची? एक डबी काढा, मग जोडते."

मी फोनचा आवाज मोठा केला आणि सभेकडे पाहिलं. तेरा संचालक आणि तिघे माजी अध्यक्ष समोर बसले होते. तात्या कागद चाळू लागले. उपाध्यक्षांना बाहेर कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं.

"एक बी न्हाय उठनार व्हय?" वहिनींनी शांतपणे विचारलं.

कुणी उठलं नाही. मीही नाही, माझी डबी नाही, त्यामुळे माझ्या उठण्याने फरक पडला नसता. त्याऐवजी असा ठराव झाला, की झाड आणि शिवार यांत तफावत राहू नये म्हणून सर्व व्हॉल्व्हची हाताने फिरवायची चाकं कापून टाकावीत, सुरुवात चौदा नंबरपासून करावी. आम्ही एकतर्फी काही करत नाही. कुणाही नागरिकाची हरकत असल्यास सात दिवसांत कळवावी, न आल्यास संमती धरली जाईल, असं जाहीर केलं आहे. आठव्या दिवशी चाक कापायला माणूस येणार. डाळिंबाला पुढचं पाणी त्याच दिवशी हवंय, कळी गळायला लागली तर मग पाणी देऊनही उपयोग नाही.

आज सहावा दिवस. ठरावाची माहिती तुम्हांला मिळालेली आहे, कारण तुम्ही इथवर वाचलंत. मध्ये दोन-तीनदा हसलातही. हसण्याची नोंद हरकत म्हणून घेता येत नाही, मी नियम तपासून पाहिला. दुसरं काही तुमच्याकडून आलेलं नाही. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत वाट बघतो आणि मग तुमची संमती लिहून टाकतो.