सात वेळा सुटलेला नट

मोटारसायकलची चेन घरीच ताणायची हे मी शनिवारी ठरवलं, आणि ठरवलं तेव्हा ते काम दहा मिनिटांचं होतं. कोपऱ्यावरचा मेकॅनिक स्वतःच तसं म्हणाला होता. गाडी ठेवून जा साहेब, दहा मिनिटांत करून देतो. आता दहा मिनिटांच्या कामाला मेकॅनिक कशाला? (माझ्या आयुष्यातली बहुतेक नुकसानं या 'कशाला'पासून सुरू झाली आहेत.) मी गाडी परत घेऊन आलो आणि उंबऱ्यातूनच बायकोला माझा निर्णय ऐकवला.

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्याला कारण होतं. सोमवारी सकाळी नऊला तिची याच गाडीवर लायसन्सची टेस्ट होती. तिसरी. पहिल्या वेळी तिनं पाय टेकला, ती तिची चूक. दुसऱ्या वेळी आठाचा आकडा काढता काढता चेनच निसटली, ती माझी. चेन सैल झालीय असं ती मला दोन महिने सांगत होती आणि मी दोन महिने 'बघतो' म्हणत होतो. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत तिला नुकतीच बढती मिळाली होती. आता बाहेर फिरून पाण्याचे नमुने आणायचे, म्हणजे लायसन्स हवं. ते महिनाअखेरीपर्यंत दाखवलं नाही तर ही जागा दुसऱ्याला देऊ, असं तिच्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. महिना संपायला तीन दिवस उरले होते.

रविवारी सकाळी आठला मी पाना घेऊन अंगणात उतरलो. मागच्या चाकाचा मोठा नट सैल करायचा, चाक जरासं मागे ओढायचं, नट पुन्हा आवळायचा. झालं काम. फक्त सासऱ्यांना यातलं काही कळता कामा नये, असं मी बायकोला बजावून ठेवलं होतं. सासरे आमच्याकडेच राहतात. बसच्या कारखान्यात तीस वर्षं ते शेवटच्या तपासणीवर होते. त्यांनी हात लावल्याशिवाय एक बस फाटकाबाहेर जात नसे. त्यांनी पाना हातात घेतला की माझ्या हातात फक्त टॉर्च उरणार, हे मला पक्कं माहीत होतं. त्यात डॉक्टरांनी त्यांना तासातासाला चालायला सांगितलेलं, त्यामुळे घड्याळ लावल्यासारखे ते अंगणात फेऱ्या मारत. पहिल्याच फेरीला त्यांनी काय चाललंय म्हणून विचारलं. गाडी धुतोय म्हणालो आणि पुराव्यासाठी बादली आणून ठेवली.

नट काही हलेना. गंजानं पार धरलेला. मी त्याला तेल पाजलं, गोडीनं घेतलं, मग शिव्या दिल्या. शेवटी पान्यावर उभा राहिलो तेव्हा कर्रकन आवाज झाला आणि नट पाव फेरा फिरला. मी जिंकलो.

इथं माझी एक खोड सांगायला हवी. काम निम्मं झालं की ते झाल्याचं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. (ऑफिसात माझ्या टेबलावरच्या निम्म्या फायली अशाच 'झालेल्या' आहेत.) मी पाना तसाच नटावर ठेवला, आत गेलो, बायकोला बातमी दिली, चहा घेतला, विजयाची हकीकत दोनदा सांगितली. बाहेर येऊन बघतो तर नट पहिल्यापेक्षा घट्ट.

म्हटलं, लोखंड आहे, थंड झालं की आकसत असेल. पुन्हा तेल, पुन्हा पान्यावर उभं राहणं. सुटला. हात धुवायला आत गेलो, आलो, पुन्हा घट्ट. तिसऱ्या वेळी गरम पाणी ओतलं, चौथ्या वेळी बायकोचा केस वाळवायचा ड्रायर लावला. दर वेळी सुटायचा आणि दर वेळी मी कशाला ना कशाला आत जाऊन आलो की जागच्या जागी आवळलेला. शिवाय नटावर एक बारीक पांढरी रेघ दिसायला लागली होती, ती पार गाडीच्या दांड्यापर्यंत गेलेली. गंजाची ही पुढची पायरी असावी, असं माझं निदान. मी ती फडक्यानं पुसून टाकायचो, पण तासाभरात ती हजर.

पाचव्यांदा सोडवून, जेवून जरा पडलो होतो, तेवढ्यातही त्या नटानं डाव साधला. आता मीही इरेला पेटलो. आज हा तरी राहील नाहीतर मी. बैठकीतल्या पडद्याचा पोकळ लोखंडी दांडा काढला, पान्यात अडकवला आणि त्या लांब दांड्याच्या जोरावर सहाव्यांदा नट सोडवला. छोटा पाना शोधायला आत गेलो. परत आलो तर तो असा आवळलेला, की दांड्यावर अख्खं वजन टाकल्यावर दांडाच वाकला आणि मी बादलीत बसलो.

आवाज ऐकून बायको बाहेर आली. तिनं बादली पाहिली, दांडा पाहिला, आणि दांडा कुठला आहे हेही ओळखलं. पण ती पडद्याबद्दल चकार शब्द बोलली नाही.

"जमत नसेल तर आत्ता सांगा," ती म्हणाली. "गाडीसाठी कुणाच्या तरी हातापाया पडेन. पण उद्या नऊ वाजता सांगू नका."

मला खरंच लाज वाटली. तीन महिने ही बाई पहाटे उठून मैदानात आठाचे आकडे काढत होती, आणि तिच्या वाटेत एक नट आणि एक नवरा असे दोघं आडवे पडले होते. मी ओल्या पँटनं उठलो, वाकडा दांडा उलटा लावला, डोळे मिटले आणि होता नव्हता तो सगळा जोर लावला. नट सातव्यांदा सुटला. (तेवढ्यात ती आत गेली होती. माझं नशीब.) आता साक्षीदार हवा म्हणून मी तिला बोलवायला धावलो, तिच्या हाताला धरून बाहेर आणलं.

गाडीपाशी सासरे उकिडवे बसले होते. एका हातात माझा पाना, दुसऱ्या हातात खडू. नट आवळून झाला होता आणि ते त्यावरून शांतपणे पांढरी रेघ ओढत होते.

"पोरी, या गाडीवर उद्या जायचं नाही," ते मान वर न करता म्हणाले. "सकाळपासून सातव्यांदा आवळतोय हा नट. आवळल्याची खूण म्हणून रेघ मारून जातो, फेरीला येतो तर रेघ गायब आणि नट सैल. चाक निघून पडेल एखाद्या दिवशी."

"बाबा," मी म्हणालो, "तो मी सोडवत होतो."

"तुम्ही तर गाडी धूत होतात."

मी बादली पायानं बाजूला सरकवली. मग कळलं ते असं. जावयानं नट सैल ठेवलाय हे त्यांना दुसऱ्याच फेरीत दिसलं होतं. पण जावयाची चूक तोंडावर दाखवायची नाही, हा त्यांचा बाणा. म्हणून मुलीच्या जिवासाठी बिचारे गुपचूप आवळत राहिले. दुपारी जोर कमी पडायला लागला होता, पण कुणीतरी तिथं लांब दांडा ठेवला होता, त्यामुळे फार सोय झाली, असंही ते म्हणाले. म्हणजे गंजलेला नट पहिल्या तासातच सुटला होता. पुढचा सगळा दिवस मी सासऱ्यांशी झुंजत होतो, आणि ते जिंकत होते.

बायकोनं त्यांच्या हातून पाना घेतला. आम्हा दोघांना पायरीवर शेजारी शेजारी बसवलं आणि जागचं हलायचं नाही म्हणून सांगितलं. नट सोडवला, चाक मागे ओढलं, चेन बोटानं दाबून पाहिली, नट आवळला. बरोबर दहा मिनिटं. सासऱ्यांनी हळूच खडू पुढे केला, तेव्हा रेघ मात्र तिनं त्यांना मारू दिली.

दुसऱ्या दिवशी मी आणि सासरे मैदानाच्या कुंपणापाशी उभे होतो. परीक्षकांनी आधी गाडी तपासली, चेन हलवून पाहिली, नटावरची रेघ पाहिली आणि खूश होऊन तिला विचारलं, गाडीची काळजी इतकी छान कोण घेतं?

"मीच," ती म्हणाली. "घरात दोन पुरुष आहेत. त्यांच्यापासून जपावी लागते."

परीक्षकांनी कुंपणाकडे वळून आम्हाला नीट पाहून घेतलं. मग तिच्या फॉर्मवर पहिली खूण करत म्हणाले, "मग आठाचा आकडा तुम्हाला काहीच अवघड नाही."