पाटीवरचं बदक

धुलाईच्या दुकानाच्या पाटीवर बदक कशाला?

धाकट्यानं हे दादाला विचारलं, तर तो नुसता हसला. वहिनीला विचारलं, तर तिनं इस्त्री दुसऱ्या शर्टावर घेतली. पुढं धाकट्याची शाळा सुटली, हा प्रश्न मात्र सुटला नाही. आणि मग साध्या तापाचं निमित्त होऊन दादाच गेला.

त्याच्या मागं गिऱ्हाईक गळू लागलं. कोपऱ्यावर नवी लाँड्री उघडली होती. काचेचं दार, राखाडी पाटी, तिच्यावर एक बारीक पांढरा गोल. बस्स! वहिनीचे वडील रोज म्हणत, "पोरी, दुकान विकून टाक." वहिनी पुढचा शर्ट इस्त्रीला घेई. दुकान गेलं की दादा दुसऱ्यांदा गेला, असा धाकट्याचा सरळ हिशेब होता. (शाळेत त्याचं एकही गणित कधी बरोबर आलं नव्हतं. हे आलं.)

एका दुपारी कोट न्यायला आलेलं गिऱ्हाईक डिझायनर निघालं. धाकट्यानं त्याला दारातच अडवलं.

"साहेब, आमचं पण ब्रँडिंग करून द्या. त्या गोलासारखं काहीतरी."

डिझायनरनं मान वर करून पाटी बराच वेळ न्याहाळली. "संध्याकाळी येतो. मग नीट बघू."

नीट बघणार म्हटल्यावर धाकट्याला दम कुठला! कुठलीही वस्तू परक्याच्या हाती द्यायची ती डाग काढूनच, हा त्या घराचा धर्म. वहिनी कपडे पोचवायला गेली होती. त्यानं डागांचं औषध घेतलं, तारेची घासणी घेतली आणि पाटीवर चढाई केली. अक्षरं मुकाट्यानं गेली. बदक चिवट निघालं. चोच तर शेवटपर्यंत भांडली.

संध्याकाळी डिझायनर आला आणि थबकला.

"बदक कुठंय?"

"धुतलं."

डिझायनर पायरीवरच बसला. "अहो, त्या बदकासाठी तर आलो मी! तसले गोल बघून लोकांचे डोळे विटलेत. सध्या सगळे हातानं काढलेलं शोधतायत. तेच पिशव्यांवर छापणार होतो. असं वाकडंतिकडं, जिवंत बदक मला कॉम्प्युटरवर सात जन्मांत जमायचं नाही."

तेवढ्यात वहिनी आली.

"वहिनी, मला मार. दादाचं बदक मी पुसलं."

तिनं कोऱ्या पत्र्याकडं पाहिलं. "दादाचं?"

"तोच सांगायचा ना सगळ्यांना, माझ्या हातचं आहे म्हणून!"

"हात होते त्याचे," वहिनी म्हणाली. "शिडी धरायला. तुझ्या दादाला स्टुलावर चढलं तरी घेरी यायची. बदक मी काढलं."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"इतक्या ऐटीत सांगायचा रे तो. राहू दिलं."

वहिनीनं बाह्या वर सारल्या. "रंगाचे डबे काढ. आणि माझ्या वडिलांना निरोप दे, पाटी ओली आहे म्हणावं. ओल्या पाटीचं दुकान विकत नसतात."

ती वर चढली. धाकट्यानं बाजूनं शिडी धरली. पिवळा रंग त्याच्या केसांत ठिबकला, कानामागून मानेवर उतरला. पुसायला हात मोकळा नव्हता.

"जरा बाजूला व्हा," डिझायनर मोबाइल रोखून म्हणाला. "तुम्ही फोटोत येताय."

"फोटो गेला खड्ड्यात."

धाकट्यानं शिडीच्या पायरीवर कपाळ टेकलं आणि डोळे गच्च मिटले. दादाला न्यायला माणसं जमली तेव्हासुद्धा त्याला रडू आलं नव्हतं. ते आता आलं. हमसून हमसून आलं, तरी हातांची पकड काही ढिली झाली नाही.

बऱ्याच वेळानं कुणीतरी पाठीवर हात ठेवला.

"अरे, सोड की शिडी," वहिनी म्हणाली. "मी केव्हाची खाली उभी आहे."