अराबाच्या अल्बमचं पोस्टर

अराबा क्वान्साचा पहिला अल्बम आपटला तो नातेवाइकांमुळे, असं तिच्या आईचं ठाम मत होतं. पोस्टरवर एकाही मामा-मावशीचं नाव नव्हतं, म्हणून सॉल्टपॉन्ड या त्यांच्या गावातलं कुत्रंही कार्यक्रमाकडे फिरकलं नव्हतं. गावच्या रेडिओवरच्या क्वामेना अन्साने अर्धं गाणं वाजवून हवामान सांगायला घेतलं होतं. आता दुसराही अल्बम पडला, तर अराबाला राजधानी अक्रा सोडून गावी एकुआ मावशीच्या दुकानात गोठलेले मासे तोलायला उभं राहावं लागणार होतं. मावशीने तिच्यासाठी रबरी बूटसुद्धा आणून ठेवले होते.

"या वेळी सगळ्यांची नावं घालायची," आईने फर्मावलं. "मोठ्या मामापासून लंडनच्या भाच्यापर्यंत. हुद्द्यांसकट!"

"आई, ते गाण्यांचं पोस्टर आहे गं."

"मग? गाणी काय आभाळातून पडली?"

त्रेचाळीस नावं बसवताना अल्बमचं नाव कोपऱ्यात मुंगीएवढं झालं. मधोमध अराबा, काळा झगा, डोक्याला लाल फडकं, नजर वर आभाळात. गावचा छापखानेवाला वर्षभर मयतांचीच पोस्टरं छापायचा. हातासरशी त्याने सोनेरी चौकट आणि एक पांढरं कबूतरही टाकलं. खाली छापलं : शनिवारी सकाळी दहा, शाळेचं मैदान. नावांच्या क्रमावरून भांडणं नकोत म्हणून आईने आठवडाभर दोघींचे फोन बंद ठेवले.

शनिवारी दोघी अक्राहून टॅक्सीने मैदानामागे उतरल्या. मांडव खचाखच भरला होता, आणि झाडून सगळे लाल-काळ्या कपड्यांत.

"आई, बघ! माझ्या पोस्टरचे रंग घालून आलेत सगळे!" अराबाचे डोळे भरून आले.

आईने दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या मयताच्या मांडवात हेच कपडे पाहिले होते. ती हळूच म्हणाली, "अराबा, बारशाला नाही गं कुणी असं येत."

तेवढ्यात मांडवात एकुआ मावशीने हंबरडा फोडला, "पोरी, बूट घेतले होते गं मी तुझ्यासाठी!"

भाड्याच्या स्पीकरवाल्याने ठरल्याप्रमाणे दहाच्या ठोक्याला अल्बम लावला. सगळ्यांनी माना खाली घालून सगळी गाणी ऐकली. एकही माणूस उठला नाही. मग क्वामेनाने माईक घेतला.

"हा दुसरा अल्बम म्हणजे सोनं आहे, सोनं! मी पहिल्यापासून सांगत होतो."

"अगं, जा ना वर!" आईने अराबाला ढोसलं.

"थांब गं, अजून बोलतोय तो."

पण मावशी ऊर बडवायला लागली, तेव्हा मात्र अराबाला राहवेना. ती धावत मंचावर चढली. पुढच्या चार रांगा खुर्च्यांसकट उलथल्या, मोठा मामा शाळेच्या फाटकापर्यंत पळाला. मावशीने जवळ येऊन आधी तिला कचकचीत चिमटा काढला, मग घट्ट मिठी मारली.

क्वामेनाने घसा साफ केला. "जिवंत आहे म्हटल्यावर खरं सांगायलाच हवं. तिसरं गाणं जरा लांबलंय."

"लांब कसलं मेल्या?" मावशीने माईक हिसकावला. "रडण्याच्या नादात मला धड ऐकूच आलं नाही. लाव परत, पहिल्यापासून! आणि पाच नंबरचे रबरी बूट कुणाला हवेत का रे? कोरे आहेत!"