डॉक्टर ‘चालेल’ म्हणाले होते

“बघ, टेप काय म्हणतेय ते बघ!” शिंपीदादांनी कमरेभोवती टेप आवळली आणि तिचं टोक बायकोच्या नाकासमोर नाचवलं. “माणूस खोटं बोलेल, टेप बोलणार नाही.”

“टेप खरंच बोलतेय हो,” बायको भांडी विसळता विसळता म्हणाली, “पण डॉक्टरांनी चालायलाही सांगितलं होतं ना?”

“मी स्वतः विचारलं त्यांना. नुसतं पथ्य चालेल का? चालेल म्हणाले. आता डॉक्टर तू की ते?”

बायकोने पातेलं जरा जोरातच आपटलं. त्या आवाजाला या घरात उत्तर समजायची पद्धत होती.

शिंपीदादांनी पथ्य मात्र जीव ओतून पाळलं होतं. उकडलेला भोपळा, काकडी, बिनमिठाचं सूप, परत भोपळा. साखरेकडे बघायचं झालं तरी ते तिरक्या नजरेने बघत. स्वतःच्या सगळ्या पँटी त्यांनी स्वतःच उसवून आत घेतल्या होत्या आणि प्रत्येक शिवणीबरोबर त्यांची मान एकेक बोट वर गेली होती. चालणं मात्र घरापासून दुकानापर्यंत, आणि दुकान त्याच इमारतीच्या तळमजल्यावर, तिथेही लिफ्टने. पूर्वी शिलाई मशीनला पाय तरी मारावे लागत. हल्ली त्यालाही मोटर बसवली होती. आता दिवसभरात हलायची ती फक्त सुई.

त्यांचा खरा राग होता सासूबाईंवर. लेकीला हातभार लावायला आलेल्या सासूबाई अंगाने ऐसपैस होत्या आणि रोज सकाळी जावयाच्या भोपळ्यासमोर बसून पावाला लोणी लावत. तेही सावकाश, कडेकडेपर्यंत.

“आई, निदान तोंड तरी तिकडे करून खा.”

“तिकडून ऊन येतं हो जावईबापू,” सासूबाई म्हणत आणि पुढचा पाव उचलत. मग बूट चढवून नातीला घेऊन बागेत जात, बाजारात जात, परत बागेत जात. शिंपीदादांच्या मते हा सगळा लोणी लपवायचा बनाव होता.

त्या दिवशी शिंपीदादा, सासूबाई आणि टिकली असे तिघे बसने दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आले. टिकली म्हणजे शिंपीदादांची लेक. कपाळावरच्या टिकलीएवढी जन्मली म्हणून टिकली. तिच्या काखेत कायम कान्या असे. कान्या हा मखमलीच्या उरलेल्या तुकड्यांतून शिंपीदादांनीच शिवलेला ससा. त्याचा एक कान टिकलीने चोखून चोखून दोरीसारखा केला होता. तो कान तोंडात असल्याशिवाय तिला झोप म्हणून येत नसे. एकदा कान्या धुवायला टाकला होता, तेव्हा अख्खी इमारत जागी राहिली होती.

घराजवळच्या थांब्यावर तिघे उतरले, बसचं दार मिटलं, बस हलली आणि टिकलीने आपली रिकामी काख बघितली.

“कान्याऽऽ!”

“अरे देवा, सीटवर राहिला वाटतं,” सासूबाई म्हणाल्या आणि पदर खोचू लागल्या.

“थांबा आई!” शिंपीदादांनी हात आडवा केला. हाच तो क्षण, असं त्यांच्या मनाने घेतलं. इतक्या महिन्यांचा भोपळा आज कामी येणार होता. “तुम्ही टिकलीला धरा. हे हलक्या अंगाचं काम आहे.”

आणि ते धावले.

चपलांच्या दुकानापर्यंत बरं गेलं. औषधांच्या दुकानापाशी मांड्या थरथरायला लागल्या. मांड्या आपल्याच आहेत यावर शिंपीदादांचा विश्वास बसेना. छाती भात्यासारखी हलत होती, गुडघे एकमेकांशी बोलत होते आणि बस पुढच्या सिग्नलला जाऊन मजेत उभी होती. जणू वाकुल्या दाखवत. त्यांनी विजेचा खांब पकडला. पकडला कसला, कवटाळला.

“अहो, यांना धरा, पडतायत!” फळवाला ओरडला. त्याने स्टूल आणून त्यांना बसवलं. औषधवाला ग्लासात साखरेचं पाणी घेऊन धावत आला. बघता बघता घोळका जमला.

“काय खाल्लंय का सकाळपासून?”

“भोपळा,” शिंपीदादा धापा टाकत म्हणाले.

“अरेरे. घरी कोणी बघत नाही वाटतं.”

“बघतात! सगळे बघतात! मी पथ्यावर आहे!” शिंपीदादा कडाडले. निदान त्यांना तसं वाटलं. बाहेर आवाज आला तो फुग्यातली हवा जावी तसा. “आणि हे साखरेचं पाणी लांब न्या!”

इतक्यात टिकलीला कडेवर घेतलेल्या सासूबाई येऊन पोचल्या. जावयाकडे त्यांनी एकदाच पाहिलं, टिकलीला त्यांच्या मांडीत ठेवलं, पर्स त्यांच्या गळ्यात अडकवली आणि त्या निघाल्या. धावल्या म्हणायचं की गडगडल्या हा प्रश्न फळवाल्यालाही पडला असावा, पण सिग्नल सुटायच्या आत त्यांची थाप बसच्या दारावर पडली, हे सगळ्यांनी बघितलं. आणि मग त्यांना आत घेऊन बस वळणाआड गेली.

टिकलीचा ओठ थरथरू लागला. “बाबा, आजी पण गेली?”

“येईल हं राणी. कान्याला घेऊन येईल.”

“तू का नाही आणलास?”

या प्रश्नाने शिंपीदादांच्या काळजाची शिवणच उसवली. लेकीच्या केसांवरून हात फिरवताना त्यांना उमाळा आला आणि त्या उमाळ्याचा बघता बघता संताप झाला. कोणावर तरी तो काढायलाच हवा होता. त्यांनी पथ्यवाल्या डॉक्टरांना फोन लावला.

“डॉक्टर, ही शुद्ध फसवणूक आहे! तुम्ही म्हणालात पथ्य चालेल!”

“मग? वजन उतरलं नाही?”

“उतरलं! पण मी खांबाला धरून बसलोय! मला ससा पकडता येत नाही!”

“ससा?”

“कापडाचा!”

“हे बघा,” डॉक्टर म्हणाले, “मी म्हणालो होतो, ‘पथ्य चालेल, पण तुम्ही चालाल का?’ माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही चपला घालून जिन्यात होतात. तेवढेच चाललात बहुतेक.”

“पण मी उपाशी राहिलो त्याचं काय?”

“तेच तर. नुसतं खाणं तोडलंत आणि बसून राहिलात, की चरबीबरोबर ताकदही झडते. तुमच्याच भाषेत सांगतो. कापड कमी केलंत, टाका एकही घातला नाहीत.”

“आणि माझी सासू? लोणी खाते आणि बस पकडते!”

“त्यांनाही पाठवा माझ्याकडे. त्यांचं लोणी कमी करू. पण त्यांना चाला म्हणून सांगावं लागणार नाही एवढं नक्की.”

शिंपीदादांनी फोन ठेवला आणि मेडिकल कॉलेजांपासून भोपळा पिकवणाऱ्यांपर्यंत सगळ्यांचा मनातल्या मनात उद्धार केला. औषधवाल्याचं साखरेचं पाणी कधी संपलं ते त्यांनाही कळलं नाही.

सासूबाई पुढच्या थांब्यावर उतरून चालत परत आल्या. घाम निथळत होता, पण श्वास ठिकाणावर होता. कान्या हातात होता. टिकलीने झडप घालून त्याचा कान तोंडात कोंबला आणि सगळ्या रस्त्याचा जीव भांड्यात पडला.

“ड्रायव्हर भला माणूस,” सासूबाई म्हणाल्या. “चला जावईबापू, उठवतंय ना?”

“न उठवायला काय झालं!” शिंपीदादा दुसऱ्या प्रयत्नात उठले.

घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टच्या दारावर ‘बंद आहे’ अशी पाटी. ती पाटी लावणाऱ्याच्या सात पिढ्यांबद्दल शिंपीदादांना बरंच काही बोलायचं होतं, पण बोलणं आणि चढणं यांतलं एकच जमण्यासारखं होतं. टिकली पेंगुळली होती. सासूबाईंनी हात पुढे केला.

“नाही. माझी लेक मी नेतो.”

पहिल्या मजल्यावर ते कठड्याला टेकले. दुसऱ्या मजल्याच्या आधीच पायरीवर बसले. सासूबाई दोन पायऱ्या वर जाऊन त्यांच्यासाठी थांबल्या. ते शिंपीदादांना टोमण्यापेक्षा जास्त झोंबलं. टिकलीने डोळे उघडले, बापाच्या घामेजल्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्याच्या मांडीवरून घसरून खाली उतरली.

“बाबा, मला येतं चढता. तू माझं बोट धर.”

त्यांनी बोट धरलं. टिकली पुढे, शिंपीदादा मागे, अशी वरात वर निघाली. वरून शेजारच्या काकू उतरत होत्या. त्या मधल्या वळणावर थबकल्या आणि डोळे मोठे करून बघत राहिल्या.

“अगबाई! शिंपीदादा! केवढे बारीक झालात! करता तरी काय तुम्ही?”

इतके महिने हा प्रश्न कोणी विचारावा म्हणून शिंपीदादा झुरले होते. उत्तर घोटून घोटून पाठ होतं. त्यांनी तोंड उघडलं, छाती पुढे काढली, पण हवा काही येईना.

टिकलीने कान्याचा कान तोंडातून काढला.

“बाबा ना,” ती म्हणाली, “दोन पायऱ्या चढतो आणि बसतो.”